नाव कुठं कोरायचं?

(मामांची हयात कोल्हापुरात चामड्याच्या कामात गेली. भाची पुण्यात वाढली, तिथंच नोकरी करते. वडिलांच्या साठीला भेट काय द्यावी हे ठरवून ती मामांकडे आली आहे.)

भाची : मामा, बाबांना कोल्हापुरी द्यायची आहे. पण दुकानात टांगलेली नको. त्यावर थोडी नक्षी आणि त्यांचं नाव हवं. किती दिवस लागतील?

मामा : दिवसांचं नंतर बघू. आधी सांग, चामडं कुठलं?

भाची : चांगलं.

मामा : सगळे इथंच घसरतात. मोबाइलवर नक्षी बघतात, हत्यारं मागवतात, आणि चामडं आणतात क्रोमचं. ते मऊ असतं, पाण्याला टिकतं, पिशवीला आणि जॅकेटला उत्तम. पण त्यावर ठसा मारला की थोड्या वेळानं खूण फुगून वर येते. ते चामडं खूण धरून ठेवत नाही. खूण धरतं ते साल-हिरड्यात कमावलेलं चामडं.

भाची : दोन्ही कातडंच ना? मग फरक कसा पडतो?

मामा : कमावण्यानं पडतो. कातडं चुन्याच्या पाण्यात टाकून केस काढायचे, चुना धुऊन काढायचा, आणि मग बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात ठेवायचं. आपल्याकडं जुनी रीत अशी, की कातड्याचीच पिशवी शिवायची, तिच्यात ते पाणी भरायचं आणि टांगून ठेवायची. पाणी आतून बाहेर झिरपतं. सालीतला आणि हिरड्यातला तुरट अंश कातड्याच्या तंतूंमध्ये जाऊन बसतो, तंतू भरीव होतात. मग ओलं असताना दाबलं तर ते दबतात आणि वाळल्यावर तसेच राहतात. याला कित्येक आठवडे लागतात. क्रोमनं तेच काम एका दिवसात उरकतं.

भाची : म्हणून सगळे क्रोमकडे गेले.

मामा : गेले. आणि ज्यांनी पिढ्यान् पिढ्या हे पाणी उपसलं, त्या ढोर समाजाच्या वस्त्या गावानं वासाचं कारण सांगून लांब ठेवल्या. त्यांच्या हातचं कमावलेलं आणि आपल्या चांभारांनी शिवलेलं पायात घालून लोक देवळापर्यंत जायचे. शिवणारा मात्र देवळाबाहेर. नक्षीचं कौतुक करणाऱ्यांना मी हे आधी सांगतो. आता पुढं विचार.

भाची : विकत घेताना ओळखायचं कसं?

मामा : रंग न चढवलेल्या तुकड्यावर पाण्याचा थेंब टाक. साल-हिरड्याचं असेल तर थेंब मुरतो आणि तिथं डाग गडद होतो. त्याच ओल्या जागी नख दाब. खूण राहिली तर घे. चपलेला तळ म्हशीच्या चामड्याचा, जाड. वेणीला आणि बारीक पट्ट्यांना शेळीचं, पातळ. आणि पाठीकडचा भाग माग. पोटाकडचं चामडं सैल असतं, ताणतं, त्याच्यावर ठसे वाकडेतिकडे दिसतात.

भाची : ठीक. आता नाव. मामा, खरं सांगू? मला एकाच गोष्टीची रुखरुख आहे. चपलेवर बाबांचं नाव म्हणजे ते पायाखाली नाही का येणार?

मामा : येईल ना, तळावर टाकलंस तर. वरच्या तळावर बारीक ठशांची नक्षी असते, पाय तिच्यावरच पडतो. तिथं फूल टाक, पान टाक, ठिपके टाक. नाव नको. देवाचं चिन्ह तर चपलेवर कुठंच नको, ना ओम, ना गणपती. गिऱ्हाइकानं दुप्पट पैसे दिले तरी नाही.

भाची : मग कुठं?

मामा : सांगतो. आधी ठसा कसा बसतो ते ऐक, नाहीतर जागा सांगून उपयोग नाही. चामड्याला स्पंजनं पाणी लावायचं, सगळीकडं सारखं. गडद होतं. मग थांबायचं. मूळ रंग परतायला लागला आणि तुकडा गालाला अजून गार लागतोय, तेव्हा ठसा मारायचा. फार ओलं असेल तर कडा बसत नाहीत, फार कोरडं असेल तर खूण उथळ राहते आणि तंतू तुटतात. खाली गुळगुळीत दगड हवा. लाकडी टेबलावर मारलंस तर निम्मा जोर टेबल खातं. ठसा उभा धरायचा, लाकडी मोगरीनं एकच घाव. दुसरा घाव घातलास की अक्षर दुहेरी दिसतं.

भाची : चुकलं तर?

मामा : चुकलं तर राहिलं. त्याच चामड्याच्या कात्रणावर आधी हात बसवायचा.

भाची : आणि ठसे लोखंडाचे चालतील?

मामा : गंजके नकोत. ओल्या चामड्यातला तुरट अंश आणि लोखंड भेटले की निळा-काळा डाग पडतो आणि जात नाही. म्हणून ठसा पितळेचा किंवा मुलामा दिलेला घ्यावा. गंमत अशी की हाच डाग मुद्दाम पाडला तर काळा रंग होतो. लोखंडाचा कीस आंबट पाण्यात मुरवून ते पाणी फासलं की साल-हिरड्याचं चामडं आतपर्यंत काळं होतं. वरून फासलेला रंग घासून जातो, हा जात नाही. क्रोमच्या चामड्यावर मात्र तसा काळा चढत नाही, कारण त्यात तुरट अंशच नाही.

भाची : म्हणजे नक्षीही कमावण्यावर, रंगही कमावण्यावर.

मामा : जाळून काढलेली नक्षीसुद्धा. तापलेल्या टोकानं चित्र काढतात ना, ते याच चामड्यावर करावं. क्रोमचं चामडं जाळलं तर त्यातून घातक द्रव्य तयार होण्याची भीती असते. याच्यावरही करताना खिडकी उघडी ठेव.

भाची : आणि कोरीव काम?

मामा : ओल्या चामड्यावर सुरीनं रेघ ओढायची. खोली जाडीच्या निम्म्याच्या आत, नाहीतर वापरात तिथून मोडतं. मग रेघेच्या एका बाजूचं चामडं बोथट हत्यारानं दाबत न्यायचं. दुसरी बाजू आपोआप उठून दिसते. पानाची शीर, फुलाची पाकळी अशीच उठते. पण त्याला चांगलं जाड चामडं लागतं. दाजींच्या चपलेच्या पट्ट्यावर ते जमणार नाही. तिथं वेणी घाल.

भाची : मामा, हे जरा शिकवणीसारखं होतंय. मला बाबांचं नाव...

मामा : शिकवणी नको असेल तर मशीनवाल्याकडं जा. लेझरनं पाच मिनिटांत तुझ्या बाबांचं नाव जाळून देईल. तयार ठशांनी हवं असेल, तर मात्र ते इंग्रजीत.

भाची : इंग्रजीत का? मला मराठीत हवंय.

मामा : अक्षरांच्या ठशांचा तयार संच शोधून बघ. बाजारात सर्रास मिळतात ती इंग्रजी अक्षरं, सुटी सुटी. इंग्रजीला सुटी चालतात. आपल्या अक्षरांना वरची रेघ लागते, वेलांटी लागते, जोडाक्षर लागतं. सुटे ठसे एकापुढं एक मारले की रेघ कुठं वर, कुठं खाली. दात पडल्यासारखं दिसतं. आपल्या लिपीसाठी नीट संच मी तरी पाहिला नाही, याचं मला फार वाईट वाटतं. इतकी शिकलेली पोरं आहेत, अक्षरांवर काम करणारी. एकानं तरी चामड्याच्या कामाकडं बघावं.

भाची : मग वाट काय?

मामा : दोन वाटा. नाव लहान असेल तर खोदकाम करणाऱ्याकडून पितळेचा अख्खा ठसा करून घ्यायचा. तो उलटा कोरलेला हवा, म्हणजे चामड्यावर सुलटा उमटतो. नाहीतर मोडी लिहिणारे करायचे तसं करायचं. ते आधी रेघ ओढायचे आणि मग तिला अक्षरं लटकवायचे. पट्टी लावून सुरीनं एक सलग रेघ आणि तिच्याखाली अक्षरं हातानं. दाजींची आद्याक्षरंच घे. दोन अक्षरं नीट येतील.

भाची : घेते. पण जागा?

मामा : पुन्हा तेच. बरं, ऐक. कोल्हापुरीला दोन्ही बाजूंना कान असतात. दोन तळांच्या मध्ये बसवलेले, वर आलेले, ज्यांना पट्टा जोडतात. पाय त्यांच्यावर पडत नाही. आतल्या बाजूच्या कानावर आद्याक्षरं टाकू. बाहेरून दिसणार नाहीत, दाजी चप्पल घालताना त्यांना दिसतील. पायाखालीही नाहीत.

भाची : कान जमिनीला टेकत नाही?

मामा : नाही.

भाची : आणि धूळ?

मामा : पोरी, धूळ टोपीवरही बसते. पुसायची. वर्षातून एकदोनदा तेलाचा हात दे. पावसात घालू देऊ नकोस.

भाची : बरं. मग पट्ट्यावर लाल गोंडा, जरी...

मामा : गोंडा घाल, जरी कमी घाल. वेणी, गोंडा, जरी ही जोडलेली सजावट. झिजली तर बदलता येते. ठसा आणि कोरीव काम बदलता येत नाही. म्हणून कोरायचं ते थोडं आणि विचार करून. तुला नक्षीच बघायची असेल तर पिंगुळीला जा, कुडाळजवळ. तिथल्या ठाकरांच्या चामड्याच्या बाहुल्या बघ. त्यात चामडं आपल्यासारखं साल-हिरड्यात कमावत नाहीत. पातळ करतात, भोकं पाडतात, रंगवतात, आणि मागं दिवा लावला की नक्षी उजेडानं दिसते. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली ती तिथल्या लोककलेसाठी. नाव घेऊन मिळाली, म्हणून सांगतोय.

भाची : नाव घेऊन म्हणजे?

मामा : आपल्या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. आठ जिल्ह्यांचं नाव लागलं. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा कंपनीनं अशीच चप्पल दाखवली, तेव्हा कोल्हापूरचं नाव घेतलं नव्हतं. इथं ओरड झाली, मग त्यांनी ही आपली परंपरा असल्याचं मान्य केलं. कोल्हापूरचं नाव लागलं, चांगलं झालं. पण शिवणाऱ्याचं? एका प्रकारच्या कोल्हापुरीला कापशी म्हणतात, ती कापशी गावावरून. गावांची नावं टिकली. करणाऱ्या माणसाचं नाव चपलेवर मी तरी पाहिलं नाही.

भाची : हल्ली क्यूआर कोड आलाय ना?

मामा : आलाय, लिडकॉमनं, म्हणजे राज्याच्या चर्मोद्योग महामंडळानं आणलाय. त्यात कारागिराचं किंवा युनिटचं नाव दिसतं. चांगली गोष्ट. पण ते मोबाइलमध्ये दिसतं. चपलेवर नाही.

भाची : मामा, मग करणाऱ्याची खूण तळावर मारायची? पण मग त्याचं नाव पायाखाली चालतं का?

मामा : ...

भाची : बाबांचं चालत नाही म्हणालात.

मामा : नाही चालत. खरं आहे तुझं. आजवर कुणी विचारलं नव्हतं. त्याची खूणही कानावरच हवी. उजव्या चपलेच्या आतल्या कानावर दाजींची आद्याक्षरं, डाव्या चपलेच्या आतल्या कानावर शिवणाऱ्याची. एकाच मापाची, एकाच खोलीची.

भाची : जास्तीचे पैसे घेईल का तो?

मामा : त्याच्या कामाचे घेईल, आणि तू दे. नावाचे मागणार नाही. मागितले तर तेही दे.

भाची : ठरलं. मग आधी चप्पल करायला टाकू आणि ठशाचं नंतर सांगू?

मामा : तिथंच सगळी गिऱ्हाइकं उशीर करतात. कान तळात शिवल्यावर त्याच्याखाली दगड बसत नाही, आणि तेल-रंग चढल्यावर पाणी नीट मुरत नाही. क्रम असा : कापणं, ओलं करणं, ठसा, रंग, तेल, आणि मग वादीनं शिवणं. म्हणून कुणाही कारागिराकडं जाशील तेव्हा माप देतानाच दोन गोष्टी सांग. आपली अक्षरं कोणती, आणि त्याची कोणती.