नर्मदा परिक्रमेत मुक्काम कुठे करावा?

प्रश्न : मला एकटीने पायी नर्मदा परिक्रमा करायची आहे. मुक्काम आधी ठरवता येतील का?

उत्तर : त्या भानगडीत पडू नका. रोज किती चालणं होईल, हे वाटेवरच कळतं. काठाने आश्रम, धर्मशाळा, मंदिरं आहेत. कुठे तयार प्रसाद मिळतो, कुठे सदाव्रत, म्हणजे कोरडा शिधा. तेव्हा छोटं पातेलं हवंच. पुढचा मुक्काम सकाळी निघतानाच विचारून घ्या आणि उजेड असताना पोहोचा. शूलपाणीच्या झाडीत वस्ती विरळ आहे, तिथे सोबत धराच. नर्मदा उजव्या हाताला ठेवायची आणि ओलांडायची नाही. म्हणून पैलतीरावरचा आश्रम कितीही जवळ दिसला तरी उपयोगाचा नाही! आधारकार्ड आणि पांघरूण न्या. चातुर्मास संपल्यावरच निघा.