खातरजमा होईपर्यंत गोळी नको

टेक्सासच्या एडवर्ड्स पठारावर शेळ्यामेंढ्या पाळणाऱ्याला, विशेषतः विण्याच्या हंगामात, कायोटी या लांडग्याच्या कुळातील श्वापदाचा उपद्रव इतका सोसावा लागतो की, रात्रीच्या पहाऱ्यासाठी थर्मल दुर्बीण घ्यावी की नाइट व्हिजन, हा प्रश्न त्याच्या दृष्टीने हौसेचा नसून उपजीविकेचा असतो. आणि म्हणूनच त्याचा निर्णय विक्रेत्याच्या जाहिरातीवर सोपवू नये, असे येथे कळप राखताना आलेल्या अनुभवावरून मी आग्रहाने सांगतो.

एका रात्री माझ्यासोबत पहाऱ्यास बसलेल्या शेजाऱ्याला रायफलीवरील थर्मल दुर्बिणीतून दूर कुंपणालगत एक पांढरी, चतुष्पाद आकृती कळपाकडे सरकताना दिसली. त्याने नेम धरला. मी त्यास थांबविले. आणि ती आकृती पुरेशी जवळ आली, तेव्हा ती आमच्याच कळपाची राखण करणारी ग्रेट पिरनीज जातीची कुत्री असल्याचे स्पष्ट झाले.

यंत्रात कोणताही दोष नव्हता. थर्मल दुर्बीण केवळ उष्णतेचा भेद दाखविते. केसांचा रंग किंवा गळ्यातला पट्टा तिच्या कक्षेत येईलच असे नाही. १२ मायक्रॉनच्या पिक्सेलपुढे ३५ मिलिमीटरचे भिंग असता एक पिक्सेल १०० मीटरवर सुमारे साडेतीन आणि ३०० मीटरवर सुमारे दहा सेंटीमीटर जागा व्यापतो. म्हणजे खांद्यापाशी ६० सेंटीमीटर उंचीचा प्राणी जवळ सतराएक पिक्सेलांत उभा राहतो, तर दूर अवघ्या सहांत. जॉन जॉन्सन या अमेरिकी संशोधकाने १९५८ साली मांडलेल्या निकषांप्रमाणे वस्तू नेमकी ओळखण्यास सुमारे तेरा पिक्सेल लागतात. यास्तव माहितीपत्रकातील हजार-दीड हजार मीटरचा आकडा हा उष्णतेचा ठिपका आढळण्याचा आहे, गोळी झाडण्याचा नव्हे, हे खरेदीपूर्वीच मनावर ठसवावे. पिक्सेल आणि भिंग तेच ठेवून ३८४ ऐवजी ६४० रुंदीचा संवेदक घेतल्यास १०० मीटरवरील दृश्य १३ ऐवजी २२ मीटर रुंद होते, परंतु तपशील वाढत नाही. तो हवा असल्यास भिंग मोठे घ्यावे.

नाइट व्हिजन चांदण्याचा क्षीण प्रकाश वाढवून दाखवीत असल्यामुळे तिच्यातून कुंपणाची तार, झुडूप, प्राण्याची ठेवण हे सारे दिसते. मात्र झुडपाआड दडलेला प्राणी थर्मलला जसा सहज सापडतो तसा तिला सापडत नाही. काळोख गडद असल्यास अवरक्त दिवा लागतो: ८५० नॅनोमीटरचा दिवा दूर पोहोचतो पण किंचित तांबडा दिसतो, ९४० चा दिसत नाही पण पल्ला कमी देतो. उलटपक्षी, थर्मल काचेतून पाहू शकत नाही, म्हणून तिचे भिंग जर्मेनियमचे असते आणि गाडीची काच खाली केल्याविना ती निरुपयोगी ठरते. दाट धुके व पाऊसही तिचा पल्ला घटवितात.

माझा सल्ला असा: पैसा मर्यादित असेल तर प्रथम हातात धरण्याची थर्मल दुर्बीण घ्यावी, कारण रायफलीवरील दुर्बिणीने शोध घेणारा मनुष्य पाहील त्या प्रत्येक जीवावर बंदूक रोखीत असतो. ओळखीची आणि लक्ष्यामागील जमिनीची खातरजमा झाल्यावरच रायफल उचलावी. टेक्सासात कायोटीस बंद हंगाम नाही, तथापि प्रत्येक राज्याचे नियम निराळे असल्याने आपल्या राज्याचे आधी वाचावेत आणि परक्या हद्दीत मालकाच्या इजाजतीविना पाऊल टाकू नये. ही उपकरणे अमेरिकेच्या निर्यात-निर्बंधांखाली येतात, म्हणून मायदेशी भारतात जाताना ती परवान्याविना सामानात घालू नयेत. शिवाय तेथे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीस मनाई आहे. कळप राखणाऱ्याचा पहिला धर्म रक्षणाचा आहे. ज्या जीवाची ओळख पटली नाही त्यावर गोळी झाडण्याचा अधिकार कितीही महागडे यंत्र त्यास देत नाही.