जाळी खाली असू दे

लिंबायत, सुरत

चि. सोनूस,

तू जाळी काढून झुल्यावर तिहेरी गिरकी घेणार आहेस असं माझ्या कानावर आलंय. खरं की खोटं, एवढं आधी कळव. बाकीचं पत्र मग वाच.

कोणी सांगितलं ते विचारू नकोस. सांगणारा तुमच्या सर्कशीच्या तंबूतलाच माणूस आहे, उगाच काही उठवणारा नाही. म्हणाला, सुरतच्या मुक्कामात, वनिता विश्रामच्या मैदानावर, सोनूचा बिनजाळीचा आयटम ठेवलाय. मोठा बोर्ड लागणार, मोबाइलवर सगळीकडे फिरणार आणि मग रेकॉर्डवाल्यांना बोलावणार. दादाला मी यातलं काही बोललेले नाही. वहिनीला तर नाहीच. ती बिचारी दिवसभर साड्यांवर खडे चिकटवत बसते, हे ऐकलं तर तिचा हात चालणार नाही. मामांना मात्र कळलं, कारण फोन आला तेव्हा ते शेजारीच जेवत होते. ताट सरकवलं आणि एवढंच म्हणाले, "झेलणारा कोण आहे तिचा?" तेव्हापासून उठता-बसता तेच विचारतात.

सोनू, जाळी काढायची नाही.

तिहेरीला माझा विरोध आहे असं समजू नकोस. तुझ्या अंगात ती आहे हे मला तुझ्या आधी कळलं होतं. गच्चीवरच्या पाइपाला लोंबकळून तू पाय डोक्यावरून न्यायचीस, तेव्हा तुझं वय काय होतं! मी दादाला म्हटलं होतं, ही पोरगी झुल्याची आहे. आणि तिहेरी बायकांना जमत नाही असं कोणी म्हणालं तर त्याला सांग, जगातली पहिली तिहेरी बाईनेच घेतली. 1897 साली सिडनीत लेना जॉर्डननं घेतली. पुरुषांचा नंबर त्यानंतर लागला. तेव्हा रेकॉर्डची हौस तू जरूर बाळग. माझं म्हणणं फक्त खाली काय असणार याबद्दल आहे.

तूच मला त्या मिगेल वाझ्केझचे व्हिडिओ दाखवले होतेस. 10 जुलै 1982, अमेरिकेतलं टुसॉन गाव, हवेत चार गिरक्या आणि पलीकडे झेलायला सख्खा भाऊ ह्वान. हे सगळं तू मला पाठ म्हणून दाखवलं होतंस. आता त्याचा व्हिडिओ पुन्हा लाव आणि त्याच्या खाली काय ताणलंय ते बघ. जाळी होती म्हणून त्याची एक गिरकी कोणी कमी धरली का? त्याच्या आधीचा आल्फ्रेडो कोडोना. 1920 पासून वर्षानुवर्षं तो तिहेरी घेत होता, झेलायला भाऊ लालो. त्याच्याही खाली जाळी. अशा माणसाचा खांदा 1933 साली फाटला आणि तो पुन्हा कधी उडाला नाही. जाळीनं खांदा वाचत नाही. पण त्या दिवशी तो घरी गेला, हेही विसरू नकोस.

त्याच्या बायकोचं मात्र तसं झालं नाही. लिलियन लाइट्झेल. आमच्या काळी तंबूत तिचं नाव म्हाताऱ्या उस्तादांच्या तोंडून ऐकलं होतं, नीट गोष्ट मला फार उशिरा कळली. दोरीच्या फासात मनगट अडकवायचं, एका हातावर लोंबकळायचं आणि सगळं अंग खांद्यावरून फेकून गिरकी घ्यायची. प्रत्येक गिरकीला खांद्याचा सांधा सुटायचा आणि परत बसायचा. अशा 249 गिरक्या तिनं एका दमात घेतल्या होत्या. तिच्या खाली जाळी नसायची. 13 फेब्रुवारी 1931 ला कोपनहेगनमध्ये दोरीची फिरती कडी तुटली आणि ती खाली आली. नवरा बर्लिनहून धावत आला. तिनं त्याला सांगितलं, मला बरं आहे, तुझा शो बुडवू नकोस. तो परत गेला आणि 15 तारखेला ती गेली. त्या पोरीच्या कसबात काय कमी होतं? काही नाही. कडी धातूची होती, घासून घासून थकली होती. तू कितीही चांगली असशील, कडी चांगली आहे का हे कोण बघतं? तुझ्याकडे रोज सकाळी कडी, खटका, गाठ कोण हातानं तपासतं? हे मला नावानिशी लिही.

तू म्हणशील, तारेवर चालणाऱ्या वॉलेंडा घराण्याची सगळी कीर्ती बिनजाळीची. मला ठाऊक आहे. 30 जानेवारी 1962 ला डेट्रॉइटमध्ये तारेवर सात जणांचा मनोरा ढासळला तेव्हा जावई गेला, भाचा गेला आणि एक मुलगा कमरेखाली लुळा झाला. म्हातारा कार्ल त्यानंतरही चालत राहिला आणि 1978 साली त्र्याहत्तराव्या वर्षी तारेवरूनच पडून गेला. त्या घरच्या बायकांनी काय काय गिळलं असेल, ते कुठल्या रेकॉर्डच्या पुस्तकात येत नाही.

मालकाला हे का हवंय तेही मी जाणते. आमच्या वेळी लोक वाघासाठी यायचे. पिंजरा रिंगणात आला की गॅलरीतली पोरं आईला बिलगायची. 1998 साली सरकारनं वाघ, सिंह, बिबटे, अस्वलं, माकडं यांचे खेळ बंद केले आणि 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निर्णय कायम ठेवला. ते योग्यच झालं; त्या जनावरांचे हाल मी जवळून पाहिलेत. पुढे 2011 मध्ये लहान मुलांना सर्कशीत ठेवायला बंदी आली, तेही योग्य झालं. मी नऊ वर्षांची असताना तंबूत आले, माझी शाळा तिथेच संपली. पण वाघ गेला आणि त्याच्याबरोबर प्रेक्षकाचा श्वास रोखणारं सगळं गेलं. तिकीट तर खपायला हवं. मग भीती कुठून आणायची? तुझ्याकडून. पूर्वी जी भीती गजांच्या आड होती ती आता तुझ्या अंगावर घालतायत, आणि तू तो मान समजतेस. पोरी, याचाच मला संताप येतो.

इथून गाडीनं तासाभरावर बिलिमोरा आहे. जेमिनी सर्कशीचा पहिला खेळ तिथे झाला, 15 ऑगस्ट 1951. शंकरन यांनी विजया सर्कस विकत घेतली आणि तिचं जेमिनी केलं. ते स्वतः बारवर आणि झुल्यावर घडलेले. 2023 साली गेले तेव्हा नव्वदी कधीच उलटली होती. झुल्यावरचा माणूस इतका जगू शकतो. मला तू तशी हवी आहेस. म्हातारी, चिडकी, पोरींना ओरडणारी, गुडघे चोळणारी.

आणि आपण कुठल्या मातीतले आहोत ते आठव. आपल्या म्हैसाळपासून कुरुंदवाड किती लांब आहे? तिथे 20 मार्च 1880 ला विष्णुपंत छत्र्यांनी देशातली पहिली सर्कस उभी केली. किआरिनी नावाच्या इटालियनाची सर्कस मुंबईत बघून आले होते. पण तंबू ठोकण्याआधी ते घोड्यांचे पक्के जाणकार होते, संस्थानाचे चाबूकस्वार. मग देवल आले, कार्लेकर आले. पुण्याचे दामू धोत्रे स्वतःच्या मामाच्या सर्कशीत सायकलवर कसरती करता करता बिबट्यांपर्यंत आणि तिथून अमेरिकेत रिंगलिंगच्या तंबूत पोचले, आणि शेवटी आपल्या देशात, आपल्या माणसांत गेले. या लोकांना नाव मिळालं ते हातातल्या विद्येमुळे. विद्या दाखवायला जाळी कधी आड येत नाही.

माझ्या डोळ्यांसमोरचं एक सांगते, तुला कधी सांगितलं नव्हतं. मी ज्या कंपन्यांत होते त्यातल्या एकीत माझ्याच वयाची एक मुलगी होती, नाव घेत नाही. तिच्या खाली जाळी होती. पण बाजूचा दोर ढिला राहिला होता. ती नेमाप्रमाणे पाठीवर आली, हनुवटी छातीला, सगळं बरोबर, आणि जाळीनं तिला उसळवून बाहेर फेकलं. वाचली, पण पुन्हा सरळ चालली नाही. जाळी असून हे होतं, सोनू. म्हणून जाळी आहे एवढ्यानंही माझं समाधान होत नाही. ती कोणी ताणली, कधी ताणली, कडेचा भाग उंच बांधलाय का, हे तू स्वतः बघायचंस. सुरतेची हवा दमट, समुद्र जवळ. हवा बदलली की दोर वेगळा वागतो. सकाळी बघितलं म्हणून संध्याकाळी चालेल असं धरू नकोस.

तेव्हा मीही वीस-बावीसची होते. मला वाटायचं, टाळ्या वाजवणारी ही सगळी माणसं माझी आहेत. दादाच्या लग्नाच्या दिवशी माझे तीन शो होते, मी आले नाही. घरच्यांनी काही म्हटलं नाही. मिरजेला मुक्काम पडला तेव्हा आईला निरोप धाडला, अगदी पुढची खुर्ची ठेवते म्हणून. म्हैसाळहून मिरज असं कितीसं! ती आली नाही. म्हणाली, मी बघितलं तर तू पडशील. तंबूच्या दाराशी येऊन आत न शिरता परत गेली, असं नंतर शेजारणीनं सांगितलं. बाहेर उभं राहून बँड ऐकला म्हणे. मी आत झुल्यावर होते आणि आई बाहेर. आता ती नाही, आणि माझा एकही खेळ तिनं बघितलेला नाही. रात्री झोप लागत नाही तेव्हा मला माझ्या उड्या आठवत नाहीत, ती खुर्ची आठवते.

खूप बोलले तुला. रागावलीस का? रागाव, पण वाच. तू एकोणिसाव्या वर्षी आपल्या मनानं, कॉलेजचा फॉर्म बाजूला ठेवून तंबूत गेलीस. सगळी गल्ली दादाला नावं ठेवत होती तेव्हा मला किती अभिमान वाटला होता ते मी कधी बोलून दाखवलं नाही. गेल्या वर्षीचा तुझा दुहेरीचा व्हिडिओ मामा अजून बघतात. तुझं मनगट झेलणाऱ्याच्या हातात येतं तिथे थांबवतात, पुन्हा मागे नेतात. "पकड लवकर येते तिची, घाई करते," म्हणतात. झेलणाऱ्याचा डोळा आहे तो. त्यांचे खांदे आता डबा काढायलाही वर जात नाहीत, पण नजर तीच आहे. ये तेव्हा त्यांच्याजवळ बस. तिहेरीत गिरक्या मोजायच्या नसतात, अंगाला ताल लागू द्यायचा असतो, हे ते तुला माझ्यापेक्षा चांगलं समजावतील.

मालकाशी बोलायला तुला जड जात असेल तर माझं नाव सांग. म्हणावं, आत्या म्हणते, तिहेरी होईल, बोर्डही लावा, पण जाळीसकट. शिवाय कराराचा कागद घे. विमा कोणाच्या नावानं, दवाखान्याचा खर्च कोण करणार, बसून राहावं लागलं तर पगार मिळणार का, हे कागदावर असू दे. आमच्या वेळी कोणी विचारलं नाही, म्हणून कोणाला मिळालं नाही. आणि हे सगळं ऐकून मालकानं तुला आयटममधून काढलं, तर सरळ उधन्याच्या गाडीत बस. तुझी गादी मी काढून ठेवलीय. इथल्या पोरींना शिकव. गल्लीत गोविंदाच्या थरावर चढणाऱ्या किती पोरी आहेत, नीट पडायचं कसं हे त्यांना शिकवायला कोणी नाही.

आता शेवटचं. हे लिहू की नको असं चाललं होतं. समज, तू माझं ऐकलं नाहीस. समज, बोर्ड लागला, जाळी निघाली आणि तू फळीवर उभी राहिलीस. तरी मी येईन. मामांना घेऊन येईन, पुढच्या खुर्चीत बसेन आणि डोळे उघडे ठेवीन. तू वरून खाली बघशील तेव्हा तुझं माणूस तुला दिसायला हवं. एवढी एक गोष्ट मी कुठल्याही अटीवर ठेवणार नाही.

पण जाळी असेल तर मला श्वास घेता येईल गं.

खांद्याला शेक देतेस ना? लाल बाटलीतलं तेल संपलं असेल, दुसरी बाटली दादाच्या ओळखीच्या ड्रायव्हरबरोबर पाठवतेय, सोबत घारी आहे आणि वहिनीनं केलेल्या शेंगदाण्याच्या चटणीची पुडी. घारी लगेच खा, टिकत नाही. दुसऱ्या शोनंतर कितीही उशीर झाला तरी फोन कर, मी जागी असते. आणि झेलणाऱ्याचं नाव कळव, मामा पुन्हा विचारतायत.

तुझी
आत्या