सेंद्रिय कर्बाचा आकडा कसा निघतो? – कृषी महाविद्यालयातील एक प्रात्यक्षिक

माती परीक्षणाच्या अहवालात ‘सेंद्रिय कर्ब ०.४५ टक्के’ असा आकडा आपण वाचतो. कर्ब कमी निघाला तर नत्राची मात्रा वाढविण्याची शिफारस होते. म्हणजे युरियाच्या किती गोण्या आणायच्या हे या आकड्यावर ठरते. हा आकडा काढायला विद्यार्थी प्रयोगशाळेत कसे शिकतात, हे आपणही समजून घ्यावे. आपल्यापैकी अनेकांची मुले-मुली हेच प्रात्यक्षिक करीत असतील.

पद्धत वॉकले आणि ब्लॅक या शास्त्रज्ञांची, १९३४ सालची. बारीक चाळलेली १ ग्रॅम माती शंकूपात्रात घेतात. तिच्यात पोटॅशियम डायक्रोमेटचे १ नॉर्मल द्रावण १० मि.लि. आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल २० मि.लि. घालून पात्र अर्धा तास ठेवतात. आम्लाच्या उष्णतेने डायक्रोमेट मातीतील कर्बाचे ज्वलन करते. नंतर पाणी, फॉस्फरिक आम्ल व डायफिनाईल अमाईन हा दर्शक घालून ब्युरेटमधून ०.५ नॉर्मल फेरस अमोनियम सल्फेट सोडतात. गडद निळसर जांभळा रंग जाऊन हिरवा आला की थांबायचे. (तीव्र आम्लामुळे हा प्रयोग घरी मुळीच करू नये.)

यात किती डायक्रोमेट खर्च झाले ते थेट मोजत नाहीत. किती उरले ते मोजतात आणि वजाबाकी करतात. डब्यात पीठ किती उरले ते पाहून किती दळण संपले हे घरात ओळखतात, तसेच हे.

आता हिशेब पाहा. माती न घालता केलेल्या कोऱ्या चाचणीला २० मि.लि. लागले आणि मातीच्या नमुन्याला १७ मि.लि. लागले, तर फरक ३ मि.लि. या पद्धतीत दर मि.लि. फरकाला ०.१५ टक्के कर्ब धरतात. म्हणून उत्तर ०.४५ टक्के. आपल्या राज्यात ०.४१ ते ०.६० टक्के म्हणजे मध्यम आणि ०.२१ ते ०.४० टक्के म्हणजे कमी. विद्यार्थ्याने हिरवा रंग आल्यावरही तोटी उघडी ठेवून अर्धा मि.लि. जास्त सोडले, तर फरक अडीच मि.लि. राहतो आणि उत्तर ०.३८ टक्क्यांच्या आत येते. दहाएक थेंबांनी मध्यम जमीन ‘कमी’ ठरली!

कोरी चाचणी मुलांना वेळेचा अपव्यय वाटते. माती नसलेल्या पात्राला एवढा वेळ का द्यायचा? पण फेरस अमोनियम सल्फेटचे द्रावण हवेशी संबंध येऊन दिवसेंदिवस कमजोर होते. समजा, ते ०.५ वरून ०.४५ नॉर्मलवर आले. आता वरच्याच मातीला १७ ऐवजी १८.९ मि.लि. लागतील. त्या दिवशी कोरी चाचणी केली असती तर ती २२.२ आली असती आणि द्रावणाची खरी शक्ती धरून उत्तर पुन्हा ०.४५ मिळाले असते. मागच्या आठवड्याचेच २० मि.लि. वहीतून उचलले, तर फरक १.१ मि.लि. आणि कर्ब सुमारे ०.१७ टक्के येतो. मातीत काहीच बदललेले नसते.

म्हणून हे प्रात्यक्षिक शिकविण्याची चांगली रीत अशी की, सगळ्या वर्गाला एकाच पिशवीतील माती द्यावी, कोणाचा आकडा ‘बरोबर’ हे आधी सांगू नये आणि सर्वांची उत्तरे फळ्यावर लिहावीत. ती सारखी येत नाहीत. मग कोणी माती नीट चाळली नाही, कोणाच्या नमुन्यात काडी-मुळी राहिली, कोणी पात्र गार फरशीवर ठेवल्याने उष्णता कमी पडली, हे मुले स्वतः शोधतात. ज्या वर्गात सर्वांच्या वह्यांत दशांशापर्यंत एकच आकडा दिसतो, तेथे बहुधा शेजारच्याचे पाहून लिहिलेले असते! शिक्षकांनी अशा वहीपेक्षा फरक असलेली, पण कारण लिहिलेली वही जास्त गुणांची मानावी.

आपणही ही तपासणी करू शकता. शेतात नागमोडी फिरून दहा-बारा ठिकाणची माती काढून, एकत्र करून सावलीत वाळवावी, हे आपण जाणताच. त्या मातीचे दोन सारखे भाग करून वेगवेगळ्या क्रमांकांच्या पिशव्यांतून एकाच वेळी द्यावेत. ०.४४ आणि ०.४७ असे आले तर निर्धास्त राहावे. ०.३० आणि ०.५५ आले तर खत घेण्याआधी फेरतपासणी मागावी आणि कोरी चाचणी त्याच दिवशी केली होती का, हेही विचारावे. असा प्रश्न विचारण्यात संकोच नको. चांगल्या प्रयोगशाळेला त्याचा राग येत नाही.

सांगली, कोल्हापूरकडील क्षारपड झालेल्या उसाच्या जमिनींबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मातीतील क्लोराईडही डायक्रोमेट खर्च करते, त्यामुळे कर्ब असतो त्यापेक्षा जास्त दिसतो आणि नत्राची शिफारस कमी होऊ शकते. आम्लात सिल्व्हर सल्फेट घातले की हा दोष जातो. जमीन क्षारपड असेल तर नमुन्याच्या चिठ्ठीवर तसे ठळक लिहावे.