गवताची बँक

मुलांनो, बँकेत पैसे ठेवतात, हे तुम्हांला ठाऊक आहे. पण गवताची बँक तुम्ही कधी ऐकली आहे का?

अमेरिकेत ॲरिझोना आणि न्यू मेक्सिको ही शेजारची दोन राज्ये आहेत. त्यांच्या दक्षिणेला, मेक्सिको देशाच्या सीमेजवळ, डोंगर आणि मोठमोठी माळराने आहेत. तेथे पाऊस थोडाच पडतो. तेथील पशुपालक आपल्या विस्तीर्ण कुरणांत गाई पाळतात. अशा कुरणाला ते 'रँच' म्हणतात.

दुष्काळ पडला की गवत वाळते. गुरे उपाशी राहतात. मग नाइलाजाने मालक जमिनीचे तुकडे करून विकतो. त्या तुकड्यांवर घरे उठतात, कुंपणे पडतात. एका डोंगरातून दुसऱ्या डोंगरात जाणाऱ्या रानप्राण्यांची वाट बंद होते.

हे टाळण्यासाठी १९९४ साली तेथील पशुपालकांनी 'मालपाई बॉर्डरलँड्स ग्रुप' ही संस्था स्थापन केली. सुमारे आठ लाख एकरांचा प्रदेश मोकळा राखायचा, असे त्यांनी ठरवले.

जवळच 'ग्रे रँच' नावाचे फार मोठे कुरण होते. तेथे गवत शिल्लक होते. दुष्काळात शेजाऱ्यांच्या गाई तेथे चरू लागल्या. त्याबद्दल पैसे द्यायचे नव्हते. आपल्या जमिनीचे तुकडे पाडून घरे बांधू देणार नाही, असे मात्र लिहून द्यायचे होते. हीच गवताची बँक! गाई तिकडे असताना घरच्या कुरणाला विसावा मिळे. पाऊस आला की तेथे पुन्हा गवत उगवे.

त्याच सुमारास एका कुटुंबाच्या तळ्यातील पाणी आटू लागले. त्यात दुर्मीळ बेडूक होते. त्या कुटुंबाने दर आठवड्याला गाडीने पाणी आणून तळ्यात ओतले आणि बेडूक जगवले.

१९९६ साली वॉर्नर ग्लेन या पशुपालकाला डोंगरात जॅग्वार दिसला. जॅग्वार बिबट्यासारखा ठिपकेदार, पण अंगाने दांडगा असतो. तो गुरे मारू शकतो. तरीही ग्लेन यांनी त्याच्यावर बंदूक चालवली नाही. त्यांनी त्याची छायाचित्रे काढली आणि त्याला जाऊ दिले.

तुमच्या गावाला गायरान असेल. तेथे बारा महिने सगळीकडे गुरे चरली, तर गवताला बी कधी धरणार? थोडा भाग आळीपाळीने राखला, तर गुरांना चारा मिळेल आणि ससे, तितर यांनाही आसरा राहील. जमीन आपली असली, तरी तिच्यावर राहणारे आपण एकटेच नसतो.

स्वाध्याय
१. जमिनीचे तुकडे झाल्यामुळे रानप्राण्यांची कोणती अडचण होते?
२. गवताच्या बँकेत गवताच्या बदल्यात काय द्यावे लागे?
३. तुमच्या गावातील गायरान पाहा. तेथे दिसणाऱ्या प्राण्यांची व पक्ष्यांची नावे लिहा.