जयगडचा पॅनोरमा धूसर का येतो? मोटरच्या माउंटवर स्पष्ट फोटो काढण्याचा पाठ

शास्त्री नदी समुद्राला मिळते तिथे जयगडचा किल्ला आहे. बुरुजावरून एकीकडे खाडी, पलीकडे तवसाळचा किनारा आणि तिकडे ये-जा करणारी फेरीबोट दिसते. दुसरीकडे उघडा समुद्र. हे सगळं एका फोटोत मावत नाही. म्हणून कॅमेरा मोटरच्या माउंटवर बसवतात. माउंट थोडा वळतो, थांबतो, फोटो निघतो, पुन्हा वळतो. नंतर हे फोटो संगणकावर जोडायचे. २००४ साली मंगळावर उतरलेल्या स्पिरिट आणि अपॉर्च्युनिटी या गाड्यांनी अशीच तुकडे जोडून तयार होणारी चित्रं पाठवली. त्याच अनुभवातून कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि नासाच्या एम्स केंद्रातल्या संशोधकांनी 'गिगापॅन' हा माउंट तयार केला.

असा पॅनोरमा म्हणजे किल्ल्याची नोंदवही असते. तटातली भेग, सांध्यात रुजलेलं झाड आज किती आहे आणि पाच वर्षांनी किती वाढलं, हे त्यावरून मोजता येतं. पण नेमका भेगेचा फोटो धूसर आला, तर नोंदवहीचं तेच पान कोरं राहतं.

थोडं गणित

२०० मिमी लेन्स आणि २४ मेगापिक्सेलचा एपीएस-सी कॅमेरा घ्या. एका फोटोत आडवे सुमारे ७ अंश मावतात आणि रुंदीत ६००० पिक्सेल असतात. म्हणजे १ अंशाला साधारण ८७० पिक्सेल! फोटो निघताना माउंट सेकंदाला १ अंश या वेगाने जरी डुलत असला, तरी १/६० सेकंदात चित्र १४-१५ पिक्सेल सरकतं. १/१००० सेकंदात मात्र ते एक पिक्सेलही सरकत नाही. डोळ्याला माउंट स्थिर दिसतो, कॅमेऱ्याला नाही.

आधी निदान, मग उपाय

सगळी सेटिंग्ज एकदम बदलू नका. कोणते फोटो धूसर आहेत ते रांगेने मांडून बघा. कारण बहुतेक वेळा त्यातच दिसतं.

१. जवळजवळ सगळेच फोटो एकाच दिशेने पुसल्यासारखे: माउंट पूर्ण थांबायच्या आत शटर उघडतंय. वळल्यानंतरचा थांबा वाढवा.

२. प्रत्येक रांगेचा पहिलाच फोटो बिघडलेला: रांग संपवून माउंट लांबचा फेरा मारून परत येतो, तेव्हा जास्त डुलतो. नागमोडी क्रम निवडा किंवा थांबा वाढवा.

३. अधूनमधून, कसलाच नियम नाही: हा वारा. तिपाईचे पाय कमी उघडा, मधला दांडा वर काढू नका, कॅमेऱ्याचा पट्टा काढून ठेवा. पिशवी टांगायची तर ती जमिनीला टेकू द्या. लोंबकळली तर उलट तीच तिपाई हलवते. पाय गवतावर नको, कातळावर रोवा. शक्यतो सकाळी लवकर जा. दुपारी समुद्रावरचा वारा वाढतो.

४. सगळीकडे बारीक दुहेरी कडा: डीएसएलआरमध्ये आरसा उचलला जाण्याचा हादरा असू शकतो, लाइव्ह व्ह्यू वापरा. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन तिपाईवर बंद ठेवा.

५. लांबचं स्पष्ट, जवळचं धूसर: ही हालचाल नाही, फोकस आहे. २०० मिमी आणि एफ/८ वर फोकस २५० मीटरवर ठेवला, तर साधारण १२५ मीटरच्या पुढचंच स्पष्ट येतं. जवळच्या तटासाठी ५० मिमी लेन्सने वेगळी फेरी घ्या. ऑटोफोकस बंदच हवा, नाहीतर समुद्राच्या फोटोत तो भरकटतो.

६. लांबचा किनारा लहरींसारखा वेडावाकडा: तापलेल्या कातळावरची हवा. याला सेटिंग नाही, वेळ बदलणं हाच उपाय.

७. सगळ्यांवर दुधी पडदा: खाऱ्या वाऱ्याने काचेवर मिठाचा थर बसलाय. आधी फुंकणीने कण उडवा, मग मऊ कापडाने पुसा. कोरडं घासलं तर ओरखडे पडतात.

थांबा किती ठेवायचा?

"मग पाच सेकंद ठेवू या की!" असं वाटेल. पण १८० अंश रुंद आणि २५ अंश उंच चित्राला, ३० टक्के भाग एकमेकांवर ठेवला तर, सुमारे ३०० फोटो लागतात. थांबा २ सेकंदांनी वाढवला की १० मिनिटं वाढली! तेवढ्यात ढग येतो, सावली सरकते, फेरीबोट तवसाळला पोचते. म्हणून अर्धा, एक, दोन, तीन सेकंद असा थांबा ठेवून प्रत्येकी दहा फोटो काढा आणि ज्याला दहाही स्पष्ट येतात तो सर्वांत कमी थांबा निवडा. शटर वेगवान ठेवायला आयएसओ वाढवावा लागला तर वाढवा. दाणेदार फोटोतही भेग दिसते, हललेल्या फोटोत नाही.

शेवटचं आणि महत्त्वाचं: तिपाई हलवण्याआधी फोटो पूर्ण मोठे करून तपासा. बिघडलेल्याची रांग आणि क्रमांक लिहून घ्या आणि तेवढेच पुन्हा काढा. घरी गेल्यावर सॉफ्टवेअर फोटो जोडून देईल. कॅमेऱ्याने न टिपलेली भेग ते आणून देणार नाही.

स्वाध्याय

१. १०० मिमी लेन्सवर वरच्याच कॅमेऱ्याने १ अंशाला साधारण किती पिक्सेल येतील?
२. तुमच्या गावातल्या एका जुन्या भिंतीचे, परवानगी घेऊन, तीन रांगांत बारा फोटो काढा. धूसर फोटोंवर खूण करा आणि कारण वरच्या यादीतून ओळखा.