चतुराच्या मागं धावू नका

भाद्रपदात पावसानं उघडीप दिली की राजूरच्या आसपासच्या भातखाचरांवर चतुर घिरट्या घालू लागतात आणि कॅमेरेवाले त्यांच्या मागं. माझ्या पहिल्या पावसाळ्यातल्या फोटोंत भात फार सुरेख आलंय, लोंबीतला दाणा न् दाणा मोजून घ्यावा. चतुर म्हणाल तर कोपऱ्यात एक पिवळट फराटा. ऑटोफोकसला मागचं ठळक भात सापडतं, बोटाएवढा उडता जीव सापडत नाही. भारी लेन्स घेऊनही यात फारसा फरक पडत नाही, हे पैसे घालवण्याआधीच ऐकून ठेवा.

धावण्यापेक्षा बांधावर बसून नुसतं बघा. पाण्याच्या कडेला घिरट्या घालणारा बहुधा नर असतो आणि तेवढ्या पाण्यावर त्याची मालकी असते. ठरलेल्या वाटेनं जातो, ठरावीक लव्हाळ्यापाशी वळतो, दुसरा नर आला की त्याला हुसकून पुन्हा त्याच वाटेला लागतो. वळताना तो क्षणभर हवेत थबकतो. चारही पंख वेगवेगळे हलवता येत असल्यानं त्याला हे जमतं. त्या लव्हाळ्यावर हातानं फोकस लावून ठेवा, शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागावर किंवा त्याहून जलद, छिद्र एफ ८ च्या आसपास, आणि तो येईपर्यंत थांबा. मादी अंडी घालताना तर काम आणखी सोपं होतं. शेपटीचं टोक ती एकाच जागी पाण्यावर टिचक्या मारल्यासारखं आपटत राहते आणि काही जातींत नर तिच्या डोक्यावर पहारा देत तरंगतो. दोघं एका चौकटीत मिळतात.

चतुर हवेत थबकतो तो बहुधा वाऱ्याकडं तोंड करून. आपल्याकडं या दिवसांत वारा पश्चिमेचा. म्हणून दुपार कलल्यावर पूर्वेकडं तोंड करून बसलात तर ऊन आणि वारा दोन्ही पाठीशी राहतात आणि चतुराचं तोंड तुमच्याकडं. मात्र सावली लांब पडते, ती त्याच्यावर गेली की तो पसार. म्हणून उभं राहू नका, बसा. ढग आला की बरेचसे चतुर काडीवर जाऊन बसतात, तेव्हा चहा प्यावा.

मोकळ्या माळावर थव्यानं फिरणाऱ्या पिवळसर चतुरांना मात्र हे लागू नाही. ते ठरल्या वाटेनं फिरत नाहीत, क्वचितच बसतात. चार्ल्स अँडरसन या संशोधकानं मालदीवमधल्या नोंदींवरून २००९ साली मांडलं, की हे चतुर भारतातून समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेकडं जात असावेत. एवढ्या लांबच्या पाहुण्याला लव्हाळ्याशी काय देणंघेणं? त्यांच्यासाठी मागं निव्वळ आभाळ घ्या. तिथं ऑटोफोकसही बऱ्यापैकी साथ देतो.

आता पायाखालचं. बांध म्हणजे रस्ता नव्हे. ओला बांध पायानं ढासळला की वरच्या खाचराचं पाणी खालच्यात उतरतं आणि मालकाला ऐन पावसात माती ओढत बसावं लागतं. आधी विचारा, दाखवतील त्याच बांधावरून जा. ओढ्यातल्या शेवाळलेल्या खडकावर डोळा कॅमेऱ्याला लावून मागं सरकू नका, ओळखीतल्या एका तरुणाचा कॅमेरा असाच पाण्यात गेला. आणि प्रवरेच्या पात्रात मुळीच उतरू नका. वर भंडारदरा आहे, १९२६ साली पुरं झालेलं धरण. ते भरलं की पाणी सोडतात, इथं ऊन असलं तरी पात्र चढतं.

घरी आल्यावर ओला कॅमेरा बॅगेत कोंबू नका, लेन्सला बुरशी धरते. पंख्याखाली वाळवून सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात ठेवा. तांदळात पुरायचा सल्ला इथं हमखास मिळतो, पण तांदळाची पूड लेन्सच्या खाचांत जाऊन बसते.